ॲक्सेसमॉड ५ : दीर्घ आजारांसाठी अंतर मोजायचं असेल तर

ॲक्सेसमॉड हे जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार झालेलं, फुकट आणि खुल्या स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणाहून आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचायला किती मिनिटं लागतात, हे ते काढून देतं. त्याचा वापर आजवर मुख्यतः तातडीच्या सेवांसाठी झाला: अडलेली बाळंतीण किंवा अपघातातला जखमी दोन तासांत रुग्णालयात पोहोचतो का, असे प्रश्न. इथे त्याचं परीक्षण वेगळ्या कामासाठी केलं आहे. मलावी, लायबेरिया, रवांडा अशा कमी उत्पन्नाच्या देशांत उच्च रक्तदाब, मधुमेह, अपस्मार किंवा हृदयाच्या झडपांचा आजार असलेल्या माणसाला औषध किती दूर पडतं, हे त्यातून कळतं का?

कळतं, पण सॉफ्टवेअर जसं हातात येतं तसंच चालवलं तर नाही. तातडीची फेरी एकदाच होते. दीर्घ आजाराची फेरी आयुष्यभर, महिन्यामागून महिने करावी लागते, आणि ती सर्वांत जवळच्या इमारतीकडे नसून औषध मिळेल त्या ठिकाणी असते. हा फरक सॉफ्टवेअर स्वतःहून करत नाही. तो माहिती भरताना आपल्याला करावा लागतो.

आधी जमेची बाजू. आरोग्य धोरणांत अंतर बहुतेकदा वर्तुळाने मोजतात. लायबेरियाने २०१६ मध्ये सामुदायिक आरोग्य सहायकांची योजना आणली, तेव्हा केंद्रापासून ५ किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या वस्त्या निवडल्या. यादी झटपट करायला असा नियम सोयीचा असतो. पण मध्ये नदी आली किंवा डोंगर आला की वर्तुळाच्या आतलं गावही दोन तासांवर जातं. ॲक्सेसमॉड सरळ रेषेऐवजी जमिनीवरून चालतं. उंचीच्या थरावरून (थर म्हणजे एकाच विषयाची माहिती दाखवणारा नकाशा) ते चढ-उतार घेतं आणि टोब्लरच्या सूत्राने चालण्याचा वेग बदलतं. या सूत्रात सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर वेग येतो, सर्वांत जास्त म्हणजे ताशी ६ किलोमीटर तो अगदी हलक्या, ५ टक्क्यांच्या उतरणीवर, आणि चढण वाढेल तसा झपाट्याने घटतो. जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो हेही ते धरतं, म्हणून विश्लेषणाची दिशा निवडावी लागते: केंद्राकडे की केंद्राकडून. रुग्णासाठी ‘केंद्राकडे’ निवडा. परतीचा वेळ हवा असेल तर दुसऱ्यांदा चालवा.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडण्यासारखी आहे. मोबाइलवरचे मार्गदर्शक नकाशे नोंदलेल्या रस्त्यावरूनच माणसाला नेतात. ग्रामीण आफ्रिकेतल्या बहुसंख्य पायवाटा कुठल्याच नकाशात नाहीत. ॲक्सेसमॉड रस्ता नसेल तिथेही शेतातून, झुडपांतून, गवतातून त्या त्या जमिनीला शोभेल अशा वेगाने चालू देतं. त्यामुळे रस्त्यापासून लांब राहणारी माणसं हिशेबातून गळत नाहीत, आणि इथे तर प्रश्नच त्यांचा आहे.

मांडणी आणि थर

पूर्वीच्या आवृत्त्या आर्कव्ह्यू आणि आर्कजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरना जोडून चालत, म्हणजे महागडा परवाना लागे. पाचवी आवृत्ती ग्रास (नकाशांसाठी) आणि आर (आकडेमोडीसाठी) या मोफत साधनांवर उभी आहे. आताची डेस्कटॉप आवृत्ती डॉकरमधून चालते; डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या साधनांसकट एका बंद डब्यात चालवणारा प्रोग्राम. डॉकर नीट बसलं की पुढचं सोपं. पण जिल्हा कार्यालयातल्या जुन्या संगणकावर ते बसवणं हाच बहुतेकांचा पहिला अडथळा असतो. संगणकाचं व्हर्च्युअलायझेशन (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवायची सोय) बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मांडणीतून, चालू आहे का ते आधी पाहा. एकदा बसल्यावर विश्लेषणाला इंटरनेट लागत नाही, ही मोठी सोय.

लागणारे थर असे: उंची (एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीचा ३० मीटरचा चालतो), जमिनीचा वापर (कोपर्निकसचा १०० मीटरचा किंवा ईएसए वर्ल्डकव्हरचा १० मीटरचा), ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते, नद्या-तलाव, वर्ल्डपॉपची १०० मीटरची लोकसंख्या, आणि आरोग्य केंद्रांचे बिंदू. प्रकल्प उंचीच्या थरावरून तयार होतो. पुढचं सगळं त्याच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आणि त्याच पेशी-आकारात (पेशी म्हणजे नकाशाचा एक चौकोन) हवं. प्रोजेक्शन मीटरमधलं लागतं, अक्षांश-रेखांशाचं चालत नाही. मलावीसाठी यूटीएम या मीटरमधल्या प्रोजेक्शनचा ३६ दक्षिण पट्टा घ्या.

पेशी किती मोठी ठेवायची? मलावीचं क्षेत्रफळ सुमारे १,१८,००० चौरस किलोमीटर. १०० मीटरच्या पेशीने १ कोटी १८ लाख पेशी होतात, ३० मीटरने १३ कोटींच्या वर. अख्ख्या देशासाठी १०० मीटर पुरेसे आहेत. एका जिल्ह्यासाठी ३० मीटर घ्या, विशेषतः डोंगराळ भागात, कारण मोठ्या पेशीत तीव्र चढण सरासरीत विरघळून जाते आणि प्रवास खोटाच सोपा दिसतो. लोकसंख्येचा थर पेशी-आकार बदलताना सर्वाधिक बिघडतो: साधं रीसॅम्पलिंग (आकडे नव्या आकाराच्या पेशींत बसवणं) केलं की एकूण बेरीज फुगते किंवा आटते. बदलापूर्वीची आणि नंतरची बेरीज ताडून पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग हे थर एकत्र करायचे. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, जमिनीच्या आणि रस्त्यांच्या वर्गांना तेच क्रमांक पडतात. जमिनीत ‘१०’ म्हणजे जंगल आणि रस्त्यात ‘१०’ म्हणजे महामार्ग असेल तर जंगलातून मोटार धावते. रस्त्यांना १००१ पासून पुढचे क्रमांक द्या, गोंधळच उरत नाही. दुसरी चूक थरांच्या क्रमाची. वरचा थर खालच्याला झाकतो. रस्ते नद्यांच्या वर ठेवले की जिथे रस्ता नदीला छेदतो तिथे आपोआप पूल तयार होतो, मग प्रत्यक्षात तिथे पूल असो वा नसो. नद्या वर ठेवल्या तर खरे पूलही वाहून जातात. उपाय कष्टाचा आहे, पण टाळता येत नाही: छेदनबिंदूंची यादी काढायची, स्थानिक माणसांकडून पूल, पाण्यातून जाणारी वाट आणि होडी अशी वर्गवारी करून घ्यायची, आणि पूल नसेल तिथे रस्ता कापायचा. शिवाय बारीक नदी मोठ्या पेशींवर उमटली की तिरप्या पेशींच्या कोपऱ्यातून ‘गळते’. चाचणी म्हणून एकच केंद्र ठेवून विश्लेषण चालवा आणि पैलतीरावरचा वेळ पाहा. ऐलतीराएवढाच आला तर नदी गळते आहे.

केंद्रांचे बिंदूही तपासून घ्या. नदीच्या किंवा तलावाच्या पेशीत पडलेलं केंद्र गणनेतून बाद होतं. केंद्रांच्या तक्त्यात ते दिसतं, पण घाईत कोणी पाहत नाही, आणि नकाशावर एक मोठा लाल डाग ‘सेवेपासून वंचित’ म्हणून उमटतो.

केंद्रांची यादी: सगळा निकाल इथे लागतो

उपसहारा आफ्रिकेतल्या सार्वजनिक आरोग्य केंद्रांची यादी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ९८,७४५ केंद्रं आहेत. ती फार उपयोगी आहे; पण त्यातलं प्रत्येक केंद्र मधुमेहाच्या रुग्णाच्या कामाचं नाही. अनेक लहान केंद्रांत मलेरियाची गोळी आणि लस मिळते, रक्तदाब मोजायचं यंत्र बंद असतं आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध कधी आलेलंच नसतं. सगळे बिंदू भरून काढलेला नकाशा दीर्घ आजारासाठी बघायचाच नाही, इतकं स्पष्ट सांगायला हवं.

ॲक्सेसमॉडमध्ये केंद्रांच्या तक्त्यावर नियम लावून निवड करता येते. म्हणून तक्त्यात आजारानुसार रकाने घाला: रक्तदाबाची दोन मूळ औषधं आहेत का, मेटफॉर्मिन आहे का, इन्सुलिन आणि त्यासाठी २ ते ८ अंशांचा फ्रिज आहे का, अपस्मारासाठी फिनोबार्बिटल आहे का, झडपांच्या आजारासाठी बेन्झाथिन पेनिसिलिन आणि ते टोचणारा प्रशिक्षित कर्मचारी आहे का. आरोग्य संघटनेच्या सेवा-सज्जतेच्या पाहण्यांतून यातलं बरंच मिळतं. पण पाहणी म्हणजे एका दिवसाची स्थिती. साठा-नोंदवहीतून मागच्या बारा महिन्यांत औषध किती महिने शिल्लक होतं ते काढा, आणि नऊ महिन्यांहून कमी असेल तर ते केंद्र त्या आजारासाठी नाहीच असं धरा. नऊ ही रेषा आमच्या मताची आहे. कुठेतरी रेषा ओढावीच लागते.

मग प्रत्येक आजाराचा वेगळा नकाशा निघतो. मलावीतला नेनो जिल्हा याचं चांगलं उदाहरण आहे. डोंगराळ, ग्रामीण जिल्हा. तिथे सरकार आणि पार्टनर्स इन हेल्थ ही बिगरसरकारी संस्था यांनी २०१५ पासून एचआयव्हीच्या दवाखान्यांच्याच घडीवर रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार यांचे उपचार बसवले. एचआयव्हीसाठी गावागावांजवळ उभी राहिलेली व्यवस्था या आजारांनाही मिळाली, म्हणून अंतर नवी इमारत न बांधता कमी झालं. टाइप १ मधुमेह, सिकलसेल, संधिवाती हृदयविकार अशा अवघड आजारांसाठी मात्र पेन-प्लस नावाची रुग्णालयाच्या पातळीवरची एकत्रित सेवा लागते. ही पद्धत रवांडातल्या जिल्हा रुग्णालयांत आकाराला आली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये टोगोची राजधानी लोमे इथल्या बैठकीत आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाने ती स्वीकारली. म्हणजे एकाच घरात आईचा रक्तदाब जवळच्या केंद्रात सांभाळला जातो आणि मुलाच्या इन्सुलिनसाठी जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं. दोघांना एकाच रंगात दाखवणारा नकाशा खोटा आहे.

कधी कधी एकाच आजाराला दोन नकाशे लागतात. झडपांच्या आजाराचं निदान इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने होतं आणि ती मोठ्या ठिकाणीच असते. पण दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लहान केंद्रातही देता येतं. वर्षाला १३ ते १७ फेऱ्या या इंजेक्शनच्या असतात, तपासणीच्या एक-दोन. आधी इंजेक्शनचा नकाशा सुधारा.

फी हाही अंतराचाच भाग आहे. मलावीत सरकारी केंद्रांत उपचार मोफत असतात, तर चर्चसंस्थांची केंद्रं सरकारशी करार नसेल तिथे शुल्क घेतात. शुल्क परवडत नसलेल्यासाठी सर्वांत जवळचं केंद्र म्हणजे त्यापलीकडचं सरकारी केंद्र. विश्लेषण दोनदा चालवा, शुल्काची केंद्रं धरून आणि वगळून.

चालणारा कोण आहे?

प्रवासाच्या तक्त्यात प्रत्येक जमिनीसाठी आणि रस्त्यासाठी वेग आणि प्रकार भरायचा असतो: पायी, सायकल, मोटार. पायी आणि सायकलच्या वेगावर चढणीचा परिणाम होतो, मोटारीवर होत नाही. ताशी ५ किलोमीटर हा धडधाकट प्रौढाचा वेग आहे. हृदय कमकुवत झालेला, पायाला जखम असलेला मधुमेही, पक्षाघातातून सावरलेला रुग्ण इतका चालत नाही. त्यांच्यासाठी तक्ता वेगळा करा आणि सपाटीचा वेग २.५ ठेवून बघा. ८ किलोमीटरच्या सपाट वाटेला पहिल्या वेगाने ९६ मिनिटं लागतात, दुसऱ्याने ३ तास १२ मिनिटं. महिन्याला एक फेरी धरली तर येण्याजाण्याचं चालणं वर्षाला १९२ किलोमीटर, आणि वेळ पहिल्याला सुमारे ३८ तास, दुसऱ्याला ७७. आजार वाढेल तसं अंतर वाढतं. ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यासाठी केंद्र सर्वांत दूर जातं.

मोटारीचं गृहीतक त्याहून मोठी गफलत करतं. मलेरिया ॲटलस प्रोजेक्ट या संशोधन-प्रकल्पाच्या गटाने २०२० मध्ये जगाचा असा नकाशा काढला. मोटार उपलब्ध धरली तर जगातले ८.९ टक्के लोक आरोग्य केंद्रापासून तासाभराच्या पलीकडे आहेत. पायीच जायचं म्हटलं तर ४३.३ टक्के. नकाशा तोच, केंद्रं तीच, फक्त वाहन काढून घेतलं. आता ॲक्सेसमॉडची अडचण अशी, की पायवाटेवरून माणूस रस्त्याला लागला की त्या क्षणी वाहन हजर असतं. वाट बघण्याचा वेळ भरायला जागाच नाही. सॉफ्टवेअरची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

बरेच जण रस्त्याचा वेग कमी करून ती झाकतात. त्याने लांबचे प्रवास उगाच लांबतात आणि जवळचे फार लवकर संपतात. चांगला उपाय असा: एकदा निव्वळ पायी चालवा, एकदा मोटारीसह. दोन्ही रास्टर (पेशींचे नकाशे) क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मोटारीच्या थरात सरासरी वाट बघण्याची मिनिटं मिळवा, मग प्रत्येक पेशीत दोन्हींपैकी लहान आकडा ठेवा. आठवड्यातून दोनच दिवस वाहन जातं अशा रस्त्याला मात्र कुठलाही वेग लागू होत नाही. वाहनाचे दिवस आणि दवाखान्याचा बीपी-शुगरचा वार जुळत नसतील तर तो रस्ता पायवाट म्हणूनच भरा.

पावसाळ्याचा तक्ता स्वतंत्र हवा. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. कच्च्या रस्त्यांचा वेग घटवा, पाण्यातल्या वाटा बंद करा. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळाने दक्षिण मलावीत रस्ते आणि पूल तोडले, तेव्हा कोरड्या ऋतूचे नकाशे निरुपयोगी झाले. दीर्घ आजाराला ऋतू नसतो. अपस्माराचं फिनोबार्बिटल अचानक थांबलं तर झटक्यांमागून झटके येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून सरासरी वेळ छापण्यापेक्षा सर्वांत वाईट महिन्याचा वेळ छापावा.

बाकीचे विभाग

वेळेच्या नकाशावरून ‘किती लोक किती मिनिटांत’ हा तक्ता झटकन निघतो. कमाल वेळेची मर्यादा इथे घालू नका. मर्यादेपलीकडच्या पेशी रिकाम्या राहतात आणि तिथली माणसं नजरेआड होतात. दोन तासांची रेषा तातडीच्या शस्त्रक्रियांच्या नियोजनातून आली आहे. मासिक फेरीसाठी तिला काही आधार नाही.

भौगोलिक व्याप्तीचा विभाग केंद्राची क्षमताही धरतो आणि खरा गुंता इथे आहे. ज्वराचा रुग्ण बरा होऊन जातो, रक्तदाबाचा रुग्ण नोंदवहीत कायम राहतो. दर वर्षी यादी लांबत जाते. क्षमता भरताना भेटींवरून रुग्णसंख्या काढा. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला २० रुग्ण म्हणजे महिन्याला सुमारे १६० भेटी. दर महिन्याला बोलावलं तर १६० रुग्ण सांभाळता येतात, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर ४८०. आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तदाब आटोक्यात आल्यावर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चालते. त्याच खोलीत, त्याच परिचारिकेकडून तिप्पट माणसं, आणि प्रत्येकाचं वर्षाचं चालणं एक तृतीयांश. इन्सुलिनला हे जमत नाही: दिवसाला ४० युनिट लागणाऱ्याची १००० युनिटची बाटली २५ दिवसांत संपते, आणि पुढच्या न उघडलेल्या बाटल्या घरी ठेवायला फ्रिज नसतो. इन्सुलिनचा साठाच रुग्णाजवळ न्यावा लागेल.

मागणीच्या बाजूला अख्खी लोकसंख्या भरू नका. वर्ल्डपॉपचे वयोगटांचे थर मिळतात. त्यातून प्रौढांचा थर घ्या, त्याला त्या देशातल्या पाहणीतल्या प्रमाणाने गुणा. केंद्राच्या नोंदवहीतला रुग्णांचा आकडा इथे वापरू नका. दूरच्या गावांत रक्तदाब कोणी मोजलेलाच नसतो, म्हणून नोंदवहीत त्या गावांतून रुग्णच दिसत नाहीत आणि नियोजनात तिथे गरज नाही असा उलटा अर्थ निघतो. नोंदवहीचा खरा उपयोग पडताळणीचा आहे. गाववार नोंदलेले रुग्ण आणि अपेक्षित रुग्ण यांचं गुणोत्तर काढून प्रवासाच्या वेळेशेजारी ठेवा. वेळ वाढेल तसं गुणोत्तर कुठे कोसळतं, तिथे त्या जिल्ह्याची खरी सीमा आहे.

संदर्भसेवेचा विभाग केंद्र ते रुग्णालय वेळ देतो. इन्सुलिन चुकून रक्तात आम्ल वाढलेल्या मुलासाठी तो लागतोच. फक्त रुग्णवाहिका रुग्णालयातून निघत असेल तर जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही वेळ धरा. नवी केंद्रं कुठे उभारावीत हे सुचवणारा विभाग सर्वांत आकर्षक आणि दीर्घ आजारांसाठी सर्वांत कमी उपयोगाचा. तो इमारत सुचवतो; असलेल्या केंद्रात दोन औषधं आणि एक मोजयंत्र ठेवलं तर काय होईल, हे केंद्रांच्या तक्त्यात एक रकाना बदलून प्रवासाच्या वेळेच्या पहिल्याच विभागात दिसतं, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्याने नकाशाचा रंग पालटतो.

पर्याय म्हणून मलेरिया ॲटलसचा तयार घर्षण-थर (प्रत्येक पेशी ओलांडायला किती वेळ लागतो ते सांगणारा) आहे. पेशी सुमारे १ किलोमीटरची, त्यामुळे देशांची तुलना करायला चांगला, जिल्ह्यासाठी ढोबळ. ग्रासमधली चालण्याची आज्ञा थेट वापरणाऱ्याला ॲक्सेसमॉडची गरज पडणार नाही, पण आरोग्य खात्यातल्या माणसाकडून ती अपेक्षा नको.

पाचपैकी चार. एक गुण वाट बघण्याच्या वेळेसाठी कापला. जिल्हा पातळीवर काम करणाऱ्याने जीआयएस (संगणकी नकाशांचं काम) जाणणारा एक आणि औषधसाठा सांभाळणारा एक अशा दोघांना एकत्र बसवून पहिला नकाशा रक्तदाबाचा काढावा. केंद्रांचा तक्ता औषधसाठा सांभाळणाऱ्यानेच भरावा.